डाव्या हातावरचा वर्ख

ओदिलने खुर्चीचा डावा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि तिचं अवसानच गळालं. सोन्याचा वर्ख पुन्हा फाटला होता. बाबांनी खालचा लेप ओला असतानाच वर चकाकी आणायचा अकीक दगड घासला होता.

"कसं झालंय?" आन्सेल्मने कोट चढवत विचारलं.

"झकास, बाबा."

"मग तोंड का असं शिळ्या पावासारखं?"

"झोप झाली नाही."

"अडीचशे वर्षांपूर्वी याच गल्लीत कुणीतरी या हातावरची ही पाकळी कोरलीय, पोरी. सुताराचा शिक्का बैठकीखाली तरी सापडतो. मुलामा देणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. निदान काम तरी चमकायला नको?"

म्हातारा जेवायला कॅफेत गेला. जेवण, मग पत्ते, मग डुलकी. संध्याकाळपर्यंत निश्चिंती. ओदिलने कारखान्याचं दार आतून लावलं.

हिवाळाभर हेच चाललं होतं. बाबांची नजर अधू झालीय हे जुनं फर्निचर विकणाऱ्या लोर्मोला कळलं, तर तो त्याच्या दुकानातल्या जुन्या खुर्च्या दुसऱ्या कारागिराकडे नेणार. आणि काम गेलं तर बाबा अंथरुणातून उठायचेच नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गुपचूप फाटलेलं खरवडायची. नवा तांबड्या मातीचा लेप. मग रुंद ब्रश स्वतःच्या गालावरून फिरवायचा. तेवढ्या तेलकटपणाने वर्ख अलगद उचलला जातो. मग नखाने टिचकी मारत बसायचं. आवाज कोरडा आला, की मगच अकीक.

लहानपणी बाबा शिकवायला बसले, की ती पाय आपटत निघून जायची. आता कुणी न शिकवता, चिडत, रडत, तिने सगळं जमवलं होतं. खांदे भरून यायचे. कधी एकदा हे नाटक संपतंय, असं व्हायचं.

तिकडे कॅफेत लोर्मो खुर्ची ओढून आन्सेल्मसमोर बसला.

"उस्ताद, मागची जोडी गिऱ्हाइकाने बघताक्षणी उचलली. खुर्चीचे हात काय सुरेख केलेत पोरीने!"

"हळू बोल. तिला अजून काही माहीत नाही."

"मग आता सांगून टाका की. थकलीय बिचारी."

आन्सेल्मने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला.

"एवढ्यात नाही. पायांच्या वळणावर तिचा वर्ख अजून सुरकुततो. पुढच्या खुर्चीचे पाय बिघडवतो."