दारचा दिवा

प्रांजलच्या भावाची, भावेशची मासेमारीची बोट कालच परतायची होती, आणि पावसाला खळ नव्हती. आईच्या जिवाला तेवढाच विरंगुळा म्हणून प्रांजलने तिला करंज्याहून पनवेलला, गाडीत बसून बघायच्या सिनेमाला आणलं. आई मात्र हात लांबवून पुन्हा पुन्हा हेडलाइट लावत होती.

“आई, पडद्यावर उजेड पडतोय!”

“बोट येईपरत दारान दिवा लागतो. तू मना दारातूनच उचलून आनलंस.”

“मना नाही गं, मला म्हण.”

प्रांजलने लाइट बंद केला. अंधारात आईच्या नकळत भावाचा नंबर लावला. फोन अजून बंदच. तिने हळूच लाइट पुन्हा लावला.

पुढच्या गाडीतला माणूस भिजत येऊन ओरडला, “मॅडम, लाइट बंद करा!”

“नाय दादा,” प्रांजल म्हणाली, “आमची बोट यायची हाय.”