निळा झगा

आर्मेनियातल्या ग्युमरी शहराच्या ठाण्यात बलात्काराची तक्रार लिहून घेताना तपासनीसाने त्या दिवशीचे कपडे मागितले. शुशान काही बोलायच्या आत आईने पिशवीतून तिचा निळा झगा काढला. धुतलेला, कडक इस्त्री केलेला.

"हे काय, बाई? पुरावाच धुऊन आणलात!"

"मळका कसा आणणार, साहेब? अब्रूदार माणसं आहोत आम्ही," आई म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला.

आईवर चिडावं की तिला जवळ घ्यावं, शुशानला कळेना. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांदेखत तिच्याबरोबर आलेली एकटी आईच होती. तक्रार करायची म्हटल्यापासून वडील तर आठवडाभर तिच्याशी बोललेच नव्हते.

"हा धुवायला कुणी सांगितलं, आई?"

"तुझ्या बाबांनी, शुशान जान. मला वाटलं, त्यांचा राग निवळला."