कच्चे रोडगे

कडुनिंबाखाली पंगत बसली, पत्रावळींवर वांग्याची भाजी वाढून झाली, तरी वेणूचे कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच होते. पाहुण्यांचा स्वयंपाक एकटीने करायचा हट्ट माझ्या या दहा वर्षांच्या नातीचाच होता.

"काय वं वेणू, उपाशी झोपवतं काय आम्हाले?" तिच्या मामाने हाक दिली. सगळे हसले.

वेणूने घाईने एक रोडगा काढून फोडला. वरून खरपूस, आत पीठ ओलंच.

"आबा, वरून तूप टाकलं तर समजन का कोणाले?" ती कुजबुजली.

"आज नाही समजणार. उद्या पोटं सांगतीन."

तिने फोडलेला रोडगा बाजूला ठेवला. मग उठून पंगतीसमोर गेली. "रोडगे कच्चे हायेत. मीच इस्तव उशिरा पेटवला. अजून अर्धा घंटा लागन."

मग मामा आपली पत्रावळ उचलून निखाऱ्यांपाशी येऊन बसला. मे महिन्याच्या उकाड्यातही पाठोपाठ सगळेच आले. रोडगे होईपर्यंत भाजी नुसतीच खाऊन संपली.

तूप-गुळाशी दोन रोडगे संपवून मामाने तिसऱ्यासाठी चिमटा उचलला.

"थांब मामा, तो अजून कच्चा हाय," वेणू म्हणाली.

मामा मुकाट्याने थांबला.