ड्रॅगनच्या मरणाचा सूर

"मेला!" भूगोलाचे मास्तर खुर्चीतून उठलेच. फासा टेबलाच्या कडेला जाऊन थांबला होता, आणि त्यावर हवा तोच आकडा होता.

कित्येक रविवार छळणारा ड्रॅगन अखेर पडला होता. खेळ तसा सोपा. कप्तान गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि अडलं की फासे टाकायचे. धंद्याने कप्तान शिंपी होता. रविवारी दुकान बंद, म्हणून कापड बेतायच्या टेबलावर डाव मांडला जाई. मास्तर म्हातारे जादूगार व्हायचे, तर दोघांची मैत्रीण, जी एरवी गुरांची डॉक्टर होती, ती तलवार चालवायची.

ड्रॅगन पडल्यावर कप्तानने डोळे मिटले आणि एक सूर गुणगुणला. सूर हळूहळू वर चढला आणि मधेच तुटला.

डॉक्टरने चहाचा कप खाली ठेवला. "हे काय होतं?"

"ओळखलं नाहीस? अगं, आपल्या सिनेमातलं. ड्रॅगन मरतो तेव्हाचं."

आपला सिनेमा म्हणजे कप्तान आणि डॉक्टर शाळेत असताना गावातल्या एकुलत्या एक थिएटरला आलेला आणि आठवड्यात उतरलेला. तेव्हा त्यांची ओळखही नव्हती. पुढे झाली, ती त्याच सिनेमाच्या गप्पांतून.

"तिथे काहीच वाजत नाही," डॉक्टर म्हणाली. "शांतता आहे तिथे. सगळा सिनेमा ढोल बडवून झाल्यावर संगीतकार ऐन मोक्याला हात आखडता घेतो. तीच तर कमाल आहे त्याची."

"हात आखडता नाही घेत. कुणीतरी एकटंच गुणगुणतं, आणि सूर मधेच तोडतो तो. ड्रॅगनचा श्वास तुटतो ना, तसा. एवढी मोठी गोष्ट त्याने अर्ध्या ओळीत सांगितलीय!"

"भास झालाय तुला."

"मला? त्या सुरापायी तर मी असले खेळ रचायला लागलो!"

मास्तर हसले. "ड्रॅगन मेला त्याचं कुणाला काही नाही, आणि वाजंत्रीवरून हाणामारी!"

पण डॉक्टर हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "नसलेलं चिकटवून चांगल्या कामाचा विचका करू नये माणसाने," असं म्हणून ती डाव अर्धा टाकून निघून गेली.

पुढच्या रविवारी मास्तरांनी कुठूनशी त्या सिनेमाची डिस्क पैदा केली. डॉक्टर आलीच नाही. दोघांनी दुकानातच सिनेमा लावला. ड्रॅगन डोंगरावरून कोसळला, बर्फावर पडला, एकदा मान उचलून त्याने आकाशाकडे पाहिलं. पडद्यावर वारासुद्धा वाजत नव्हता.

"मागे घ्या," कप्तान म्हणाला.

मास्तरांनी मागे घेतलं. पुन्हा तेच. आवाज वाढवला, तरी तेच.

"डिस्कवर कापला असेल."

"कापला असता तर चित्रही तुटलं असतं," मास्तर हळूच म्हणाले. "होतं असं. लहानपणीचं काय काय आठवतं आपल्याला."

कप्तान हो म्हणाला, पण त्या दिवसापासून त्याचं कशात लक्ष लागेना. त्याचे वडील शेवटी शेवटी अशीच गाणी ऐकायचे. कुणी गात नसताना मान डोलवायचे. आधी गाणी आली, मग माणसं विसरायला लागले, आणि एके दिवशी पोटच्या पोराला त्यांनी विचारलं, "आपण कोण? मापं द्यायला आलात का?"

हे तो कुणाजवळ बोलला नाही. मात्र गिऱ्हाइकांची मापं मनात घोकायला लागला. शेजारणीचा खांदा किती, बँकेतल्या साहेबांची कंबर किती. एकदा एका शर्टाची काजं उलट्या बाजूला पडली. कुठल्याही शिंप्याच्या हातून कधीतरी होणारी चूक. कप्तान मात्र तो शर्ट मांडीवर घेऊन सुन्न बसून राहिला.

बायकोने ते पाहिलं आणि खोदून खोदून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती थेट गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर एका वासराला टोचत होती.

"तुमच्या सिनेमातलं मला ओ की ठो कळत नाही," कप्तानची बायको म्हणाली. "पण तुम्ही यांना एकदा म्हणा, की तो सूर होता. खोटं म्हणा हवं तर. त्यांना वाटतंय, सासऱ्यांचं दुखणं त्यांच्याकडे आलं."

सुई डॉक्टरच्या हातातच राहिली. "दुखणं? एवढ्याशा सुरावरून?"

"खेळ सोडणार म्हणतात. आणि दुकान पोरीवर सोपवायचं म्हणतात."

डॉक्टरने वासराच्या मानेवरून हात फिरवला.

तिसऱ्या प्रहरी ती दुकानात आली. कप्तान तोच शर्ट उसवत बसला होता. तिने दार लोटून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"तो सूर पुन्हा म्हण."

"जाऊ दे गं. तूच जिंकलीस. नव्हताच तो."

"म्हण म्हणते ना!"

त्याने कात्री खाली ठेवली आणि नाइलाजाने गुणगुणला. सूर चढला आणि नेहमीच्या जागी तुटला.

डॉक्टर जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत होती.

"तो तुटत नाही रे तिथे," ती म्हणाली. "पुढेही आहे. पण तेव्हा थिएटरात आईने मला चिमटा काढला, की गप्प बस, पुढच्या रांगेतला मुलगा वळून बघतोय."