दुसऱ्याच्या अंगावरचं माप

"ही नको, तीच बरी," सुई म्हणाली आणि परीक्षांच्या दोन मराठी माहितीपत्रकांपैकी जाडजूड पत्रक तिने चिंध्यांच्या टोपलीत टाकलं.

टेलरमास्तरांनी ते काढून झटकलं. लेकीला ते लहानपणापासून सुई म्हणत. तेव्हा ती काडीसारखी होती. आता सव्वीस वर्षांची नर्स होती आणि टोचायचं कामही रीतसर शिकली होती. परदेशातल्या इस्पितळाने तिला बोलावलं होतं. इंग्रजीची परीक्षा तेवढी राहिलीय, असं तिने सांगितलं होतं.

"यात निबंध आहे, तीन तासांचा पेपर आहे. तुझ्या त्या परीक्षेत नुसतं दहा मिनिटं बोलायचं. नर्सला एवढ्यावर सोडतात होय?"

"समोर माणूस बसलेला असतो, बाबा. कॉम्प्युटरशी बोलायला जमणार नाही."

"न जमायला काय झालं? तू तर भिंतीशीही गप्पा मारशील."

सुई हसली आणि तिने अर्ज पुढे सरकवला. "इथे सही करा. पालक म्हणून."

"एवढ्या घोडीला पालक लागतो?" कुरकुरत त्यांनी सही ठोकली. चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर होता. दुकानाच्या नव्या पाटीसाठी म्हणून तिने त्यांचा एक फोटोही काढून घेतला, गळ्यातल्या टेपसकट.

तयारी दुकानातच सुरू झाली. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं, मास्तरांनी परीक्षक व्हायचं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरचे इंग्रजी प्रश्न वाचायचे. त्यांच्यासाठी तिने ते देवनागरीत लिहून दिले होते.

"आधी तुम्ही उत्तर द्या, मग मी. ऐकून ऐकून कान तयार होतो."

लेकीसाठी मास्तर काय वाटेल ते करतील. पहिल्या आठवड्यात त्यांची बोबडी वळली. कुठल्याही प्रश्नाला "यस मॅडम". पण तिसऱ्या महिन्यात ते इंग्रजीतून काजं-बटणं सांगू लागले. ट्रायल आणि डिलिव्हरीच्या मधे पोट वाढवून येणाऱ्या गिऱ्हाइकाची गंमतसुद्धा त्यांनी इंग्रजीत सांगितली आणि स्वतःच खो खो हसले. पुठ्ठ्यांवर तोवर इंग्रजी अक्षरं आली होती. देवनागरीत लिहायला वेळ नाही, असं सुई म्हणायची. तिची स्वतःची पाळी आली की मात्र तिला नेमकी भूक लागायची. पोरगी कच्ची राहतेय, या काळजीने मास्तरांचा जीव टांगणीला लागला.

त्याच सुमारास एक बाई आल्या. नवऱ्याला न सांगता त्याच्यासाठी कोट शिवायचा होता. माप द्यायला त्याच अंगाचा धाकटा दीर सोबत आणला होता. अशा कामात मास्तरांचा हातखंडा. सुई हे लहानपणापासून पाहत आली होती.

"साहेबांना कळणार नाही ना हो?" बाईंनी विचारलं.

"अंगात घालेपर्यंत नाही. आधी सांगितलं की माणूस म्हणतो, कशाला, जुना आहे की अजून. नको नको म्हणणाऱ्याचं माप दुसऱ्याच्या अंगावरच घ्यावं."

सुई खाली मान घालून बटणं निवडत राहिली.

रात्री जेवताना ती म्हणाली, "तिथे राहायला दोन खोल्या देतात."

"एकटीला दोन? झाडणार कोण?"

"बघू."

मास्तरांनी तिच्या ताटाकडे पाहिलं. तिची आई गेल्यापासून या घरात दोनच ताटं होती. आता एकच राहणार. पण पोरीच्या वाटेत आडवं यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सुईने त्यांच्या शर्टाला कडक इस्त्री केली.

"परीक्षा तुझी आणि इस्त्री मला?"

"सोबत येताय ना? मग शोभायला नको?"

केंद्रावरच्या बाईंनी सांगितलं, "उमेदवारांनी आत यावं. सोबतच्यांनी बाकावर बसावं."

"घाबरू नकोस," मास्तर लेकीला म्हणाले. "प्रश्न कळला नाही तर परत विचार. त्यात लाज कसली?" मग पाण्याची बाटली मांडीवर घेऊन ते बाकावर बसले. देवा, पोरीला पास कर, असं म्हणता म्हणता मनाच्या एका कोपऱ्यातून 'नापास होऊ दे' असंही आलं, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. डोळे भरून आले.

सुई आत गेलीच नाही. तिने त्यांच्या मांडीवरची बाटली उचलली आणि त्यांच्याच शेजारी बसली.

"ती जाडजूड परीक्षा मी मागच्या वर्षीच पास झालेय, बाबा," ती म्हणाली आणि प्रवेशपत्र तिने त्यांच्या हातात दिलं. "उठा, बाई थांबल्यात."

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. प्रवेशपत्रावरच्या फोटोत गळ्यात टेप होता. खाली परीक्षेचा उद्देश छापला होता, इंग्रजीत. तो त्यांनी कुणालाही न विचारता, एकेक शब्द लावत वाचला: लेकीजवळ राहायला जाणे.