डावीकडचा डबा

२०३१ साली कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यात मासळी डब्यांत भरायला यंत्राचा हात आला. त्या टेबलाशी पूर्वी चाळीस बायका गप्पा ठोकत उभ्या असायच्या. आता हाताच्या डावीकडे एकटी डोरीन उरली होती.

दर दहावा भरलेला डबा तो हात हळूच तिच्या ताटात सरकवी. डोरीनचा हात मंद, डबे मोजणीत कमी पडून तिची नोकरी जाऊ नये म्हणून तिची बहीण व्हर्ना असंच करायची. व्हर्नाला वारून बारा वर्षं झाली होती.

"ह्याला हे कुणी शिकवलं, वेंडेल?"

"कुणी नाही गं, बिघाड आहे," मुकादम म्हणाला. "आणि शुक्रवारपासून तू येऊ नकोस."

डोरीन गेली. दहावा डबा जमिनीवर पडू लागला.

पुढे वेंडेललाही घरी बसवलं. ऑक्टोबरात डोरीन वारली.

हात अजूनही दहावा डबा डावीकडे सरकवतो. डोरीनला पुरलं त्या दिवसापासून तो डबा खाली पडत नाही.