बिनरंगाची बाटली

नागपूरच्या बहिणीनं धाडलेलं बिनरंगाचं नेलपॉलिश नलूला भावाच्या लग्नापर्यंत पुरवायचं होतं. लाल रंगावर त्याचा हात फिरवला की नखं आरशासारखी चमकत, आणि घाटंजीच्या बाजारात तसली दुसरी बाटली मिळणार नव्हती. म्हणून ती दर वेळी बाटलीचं तोंड चिंधीनं पुसायची, झाकण गच्च आवळायची आणि बाटली रांजणामागच्या गारव्यात ठेवायची. तरी ते रोज घट्टच होत चाललं. मग ब्रशाला तंबाखूचा कण सापडला. परवा तर मिशीचा पांढरा केस निघाला.

आज दुपारी ती दाराआड दबा धरून बसली. सासरे उकंडराव आले, रांजणामागून बाटली काढून निवांत उकिडवे बसले आणि आ वासून किडक्या दाढेवर ब्रश फिरवू लागले. झाकण उघडंच. नलू दाराआडून पुढे आली.

"मामाजी, हे काय करून राह्यले?"

"दाढेले औषध लावून राह्यलो. मंग पाणी झोंबत नाही. तू कायले आणलं होतं?"

"नखाले लावाले. पायाच्या."

उकंडरावांचा हात तोंडातच थांबला. अंगणात जाऊन त्यांनी बादलीभर पाण्याच्या चुळा भरल्या आणि कारलं चावल्यासारखा चेहरा करून परतले.

"किती घाण आहेस व तू," ते म्हणाले. "आजपासून आधी माही दाढ, मंग तुहे पाय. अन् ब्रश धुवून ठेवत जाय."